एक दिवस न घेण्याचा

काल दारी गणपती आले. पाट मांडला गेला, मखराचे दिवे लागले, झांजांनी भिंती दणाणल्या आणि उकडीच्या मोदकांवर तुपाची धार धरता धरता दुपार कधी कलली ते कळले नाही. आज सकाळी घर काहीसे सैलावले आहे. समईची वात सारखी करून कोणी तरी पुन्हा स्वयंपाकघरात गेले आहे, पोरे उशिरापर्यंत लोळत आहेत, आणि ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती आहे त्यांच्या मनात संध्याकाळच्या निरोपाची हुरहुर आताच दाटू लागली आहे. चतुर्थीचा गाजावाजा आणि गौरींची लगबग यांच्या बेचक्यात येणारी ही भाद्रपद शुद्ध पंचमी. ऋषिपंचमी. हिच्यासाठी कोणी वर्गणी मागत नाही, हिचा मांडव नाही, मिरवणूक नाही, नेत्यांच्या छबी मिरवणारे शुभेच्छांचे फलकही हिच्या वाट्याला येत नाहीत. आपल्या सणांच्या गर्दीत इतकी मुकी तिथी दुसरी क्वचितच सापडेल.

बाजारात मात्र तिची खूण दिसते. भल्या पहाटेच्या एस्टीने नाही तर लोकलने आलेल्या बाया पदपथावर पोती पसरून बसलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे ऋषीच्या भाजीचे वाटे लागलेले असतात. लाल माठाच्या जाडसर काड्या, अळूचे देठ, सुरणाची फोड, लाल भोपळ्याची फाक, पडवळाचा तुकडा, दोन-चार भेंड्या, एखादे शिराळे, चवळीच्या शेंगा, मक्याचे कणीस, मूठभर ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणि वर दोन कोवळ्या हिरव्या चिंचा. कुठे त्यात अंबाडीची जुडी असते, कुठे काकडी. या भाजीची ठरलेली यादी कोणाकडेच नाही, आणि असली तरी शेजारची बाई ती मान्य करणार नाही. त्या आठवड्यात परसात, बांधावर, रानात जे उगवले असेल ते तिच्यात पडते. एखादीच्या टोपलीत देवभातही मिळतो. पाणथळ जागी, न पेरता आपसूक वाढणारा हा तांदूळ एरवी वर्षभर शहरातल्या कोणाच्या खिजगणतीत नसतो. आज त्याला मान.

भाजी करायला सोपी वाटते, कारण तिला फोडणी नाही. पण तिची निवडानिवड हीच तिची खरी पाककृती आहे. अळूचे देठ सोलताना बोटांना खाज सुटते, म्हणून हाताला आधी चिंच नाही तर कोकम चोळायचे. माठाच्या काड्यांचे दोर एकेक करून ओढायचे, नाही तर ते दाढेत अडकतात. कणसाचे तुकडे करताना विळी करकरते. मग जाड बुडाच्या पातेल्यात आधी मका आणि सुरण, त्यामागून भोपळा आणि शेंगा, पाला त्यानंतर, आणि भेंडी अगदी शेवटी, चिंचेचा कोळ पडल्यावर, म्हणजे तार सुटत नाही. हिरवी मिरची, सैंधव, जमले तर मूठभर ओले खोबरे. तेल नाही, मोहरी-हिंग नाही, गोडा मसाला नाही. आपापल्या अंगच्या पाण्यात मंद आचेवर या साऱ्या भाज्या तासभर एकमेकींशी जुळवून घेत राहतात. खरे सांगायचे तर लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांनी या भाजीपुढे नाक मुरडलेले असते. चाळिशी उलटल्यावर कधी तरी तिची गोडी कळू लागते, आणि त्याच सुमारास ती करून घालणारे हात थकलेले असतात.

हे सारे ज्या एका नियमासाठी करायचे तो नियम मात्र विलक्षण आहे. बैलाच्या कष्टाचे आज काही खायचे नाही. नांगरटीच्या शेतात पिकलेला तांदूळ नको, गहू नको, ज्वारी-बाजरी नको, तूरडाळ नको. घाण्याचे तेल नको, उसाचा गूळ-साखर नको. माणसाने कुदळीने उकरून, हाताने लावून वाढवलेले, किंवा कोणीही न लावता आलेले, तेवढेच ताटात घ्यायचे. कालच्या मोदकाच्या सारणात किसलेल्या गुळाला आज मज्जाव आहे, आणि कालच्या उकडीच्या पिठीलाही. चोवीस तासांत एकाच स्वयंपाकघराने एवढी मोठी कोलांटउडी घ्यावी आणि त्याचे कोणाला नवलही वाटू नये, ही सवयीची किमया.

पाच दिवसांपूर्वी, श्रावणी अमावास्येला, पोळा होऊन गेला. विदर्भ-मराठवाड्यात आणि खानदेशात त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे तूप-हळदीने मळले जातात, जुवाखाली घट्टे पडलेली ती जागा बोटांनी हलकेच चोळली जाते, आणि उद्या जेवायला या, असे आवतण त्याला रीतसर, कानाशी वाकून दिले जाते. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा आणि पुढ्यात पुरणपोळी. दक्षिण महाराष्ट्रात हेच सोहळे पावसाळ्याच्या तोंडाशी बेंदराला होतात. तिथे आपण बैलाला देतो. पाचच दिवसांनी येणाऱ्या पंचमीला आपण त्याच्याकडून काही घेत नाही. या दोहोंत अधिक अवघड कोणते, असे विचारले तर दुसरे म्हणावे लागेल. देण्यात देणाऱ्याचा थाट असतो, फोटो निघतात, गावात नाव होते. न घेण्याला साक्षीदार नसतो. ज्याच्यावाचून आपले चालत नाही त्याच्याशिवाय एक दिवस ताट वाढून पाहायचे आणि ते ताट किती रिकामे दिसते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. उपकाराचे माप घेण्याची याहून चोख रीत आपल्या परंपरेत तरी दुसरी आढळत नाही. आभाराचे शब्द जिभेवर सहज येतात आणि तितक्याच सहज विरून जातात. पंचमीची भाजी मात्र दिवसभर पोटात असते, आणि संध्याकाळपर्यंत भाकरीची आठवण व्याकूळ करते. ती व्याकुळता हाच या व्रताचा गाभा असावा.

व्रताची कहाणी आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. एका ब्राह्मणाचे आईवडील मरून त्याच्याच घरी जन्माला येतात, आई कुत्री होऊन आणि वडील बैल होऊन. मुलाला याचा पत्ता नाही. एके दिवशी तो वडिलांचे श्राद्ध घालतो, खीर शिजते, आणि तिच्यात साप गरळ टाकून जातो. कुत्रीच्या रूपातली आई ते पाहते. जेवणारे मरतील आणि पातक लेकाच्या माथी येईल म्हणून ती पातेल्याला तोंड लावते, आणि बदल्यात सुनेच्या हातचा मार खाते. त्या दिवशी तिला उष्टेखरकटेही मिळत नाही. रात्री ती कण्हत गोठ्यात जाते तर तिथे बैल उपाशी उभा. दिवसभर त्याला औताला जुंपलेले, आणि वैरणीची कोणाला आठवण नाही. बाहेर पडलेला मुलगा त्यांचे बोलणे ऐकतो आणि हादरून जातो. ज्या वडिलांच्या नावाने घरात पंक्ती उठल्या ते वडील भिंतीपलीकडे पाण्यावाचून उभे होते. तो त्या रात्रीच दोघांना पोटभर घालतो आणि त्यांच्या सुटकेचा उपाय विचारायला रानात ऋषींकडे जातो. ऋषी त्याला या पंचमीचे व्रत सांगतात.

कहाणी म्हणून ती आपल्या लोककथांतल्या अव्वल कहाण्यांत बसेल. श्राद्धाचा विधी यथासांग पार पडतो आणि ज्याच्यासाठी तो केला तो मात्र उपाशीच राहतो, ही तिच्यातली बोच कोणत्याही काळी शिळी होणार नाही. पण तिच्या पोटात एक काटाही आहे, आणि आजच्या दिवशी त्याकडे काणाडोळा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या दोघांना ही गती का मिळाली? तर आईने पूर्वजन्मी विटाळाचे नियम पाळले नाहीत, पाळीच्या दिवसांत घरात वावर केला, स्वयंपाकाला हात लावला, म्हणून. त्या दोषाच्या निवारणासाठी बायकांनी आघाड्याच्या काड्यांनी दात घासावे, आवळकाठी आणि तीळ केसांना लावून नदीवर स्नान करावे, आणि ऋषींची पूजा बांधावी. निसर्गाने दिलेल्या शरीरधर्माला पातक ठरवणारा हा भाग कहाणीतून गळून पडावा असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते बरोबर म्हणतात. व्रते ही काही दगडावरची रेघ नव्हेत. आपल्या आज्यांनी त्यांत काळजीपूर्वक कितीतरी बदल केले. कोणी गावकीच्या भीतीने, कोणी लेकीच्या मायेने. विटाळाचा भाग सोडून देऊन उपाशी बैलाचा भाग जपला तर या दिवसाचे तेज उणे होणार नाही. उलट ते वाढेल. आणि आणखी एक गोष्ट. हे व्रत बायकांनीच का करायचे? कहाणीत बैलाला उपाशी ठेवणारा हात पुरुषाचा होता.

अशा दिवशी घरातले एखादे पोर हटकून विचारते की, आता नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते, तेल कारखान्यात निघते, मग आजच्या पोळीत बैलाचे कष्ट कुठे आले? प्रश्न बिनतोड आहे. नियमाचे शब्द धरून चाललो तर शहरातल्या बहुतेक घरांनी आज खुशाल पोळी-भाजी जेवावी, कारण त्यांच्या पिठाच्या पिशवीवर बैलाच्या खुरांची धूळ असण्याचा संभव फार थोडा. खेड्यापाड्यांतले गोठे ओस पडत आहेत. दावणीला बैलजोडी असणे ही मिजाशीची नव्हे, ओढाताणीची गोष्ट झाली आहे. वैरण महाग, गडी मिळत नाही, आणि वर्षातून जेमतेम काही आठवड्यांच्या कामासाठी बारा महिने दोन तोंडे पोसायची. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या जिवाला संरक्षण मिळाले, पण त्याच्या चाऱ्याची तरतूद कायद्याने होत नसते, ती मालकाच्या मोडक्या खिशातूनच व्हावी लागते. पोळ्याला सजवायला बैल उरला नाही म्हणून मातीच्या जोडीची पूजा करणारी शेतकऱ्यांची घरे वाढत आहेत. तेव्हा पोराच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर नियमाच्या शब्दांमागे जावे लागते. ज्या काळी हा नियम झाला त्या काळी आपल्या ताटामागे सर्वांत अधिक राबणारा, आणि स्वतः त्या ताटावर कधीच न बसणारा जीव बैल होता. आज तो कोण आहे?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. कालच्या मोदकातला गूळ, आरतीनंतरची खडीसाखर, पेढ्यातली साखर जिथून आली तिकडे वळून पाहिले तरी पुरे. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या कोरडवाहू तालुक्यांतून माणसांचे लोंढे साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या पडतात, पहाटेच्या काळोखात तोड सुरू होते, आणि मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरेपर्यंत दिवस मावळलेला असतो. तिथे बैल अजून आहेत. उसाने लादलेली गाडी चढावर ओढताना गुडघे टेकणारा बैल साखरपट्ट्यातल्या माणसाने पाहिलेला नसेल असे नाही. पण त्या गाडीच्या मागून डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बाईची गोष्ट त्याहून कठीण आहे. एका दिवसाचा खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. पाळीचे चार दिवस हे म्हणून तिला नुकसानीचे दिवस वाटू लागतात, आणि कोपीवर न्हाणीघर नाही, पाणी नाही, आडोसा नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांच्या वर स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत कितीतरी जणी ऐन उमेदीच्या वयातल्या होत्या.

कहाणीतला विटाळ आणि कहाणीतला उपाशी बैल, दोन्ही या एका बाईच्या देहात येऊन मिळाले आहेत. जुन्या कथेने पाळीला पातक म्हटले. नव्या बाजाराने तिला खाडा म्हटले. सण-उत्सवांच्या दिवसांत असे कडू बोलू नये, असा एक संकेत आहे. परंतु ज्या तिथीचा आत्माच ताटामागचे कष्ट आठवण्याचा आहे त्या तिथीला ही आठवण टाळली, तर मग ही मिळमिळीत भाजी खाण्यात तरी काय हशील? आपण साखर सोडावी असे कोणी म्हणत नाही. आज एका दिवसापुरती ती सोडली आहेच, तर डबा बंद ठेवताना तिच्यामागचा हात आठवावा. आणि आठवण नुसती मनात राहून उपयोग नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. त्याच्या ओळखपत्रांचे, आरोग्य तपासण्यांचे, मुलांच्या वसतिगृहांचे काय झाले, हे गळीत हंगामाच्या आधी विचारणारा आवाज शहरांतूनही उठायला हवा. साखरेचा भाव चार रुपयांनी चढला की आपण तावातावाने बोलतोच.

पंचमी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या ऋषींकडे इतक्या उशिरा वळावे लागले, याचे त्यांनाही वाईट वाटू नये. ते मागच्या बाकावर बसायला सरावलेले आहेत. चौरंगावर तांदळाच्या छोट्या पुंजांवर सुपाऱ्या मांडायच्या. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ, आणि वसिष्ठांच्या शेजारी अरुंधती. लग्नात नव्या जोडप्याला आकाशात जिच्याकडे बोट दाखवून पाहायला लावतात तीच ही. आपल्या पूर्वजांनी माणसावरची तीन ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. नवल असे की, भाद्रपदाच्या एका महिन्यात ती तिन्ही येतात. चतुर्थीला देव, पंचमीला ऋषी, पौर्णिमा उलटली की पितर. पुणे जिल्ह्यातल्या काही गावांत तर बैलपोळाही भाद्रपदी अमावास्येलाच असतो, म्हणजे सर्वपित्रीच्याच दिवशी. पितरांचे पान आणि बैलाचा घास एकाच घरातून निघतो. देवऋण पूजेने फिटते, पितृऋण श्राद्धाने आणि संततीने. ऋषिऋण मात्र नैवेद्याने फिटत नाही, असे शास्त्र सांगते. ते शिकण्याने आणि शिकवण्याने फिटते. ज्याच्याकडून जे ज्ञान मिळाले ते पुढच्या हाती सोपवायचे, इतकाच त्याचा विधी.

मग आजच्या वाट्यातली भाजी ओळखण्याचे ज्ञान कोणाकडे आहे? कोणता पाला खाज आणतो, कोणता कंद दोनदा उकळावा लागतो, कोणती कुर्डू कोवळी आणि कोणती जून, भारंगीची फुले कधी खुडायची, हे आपल्या शाळा-महाविद्यालयांतून कोणी शिकवत नाही. ते पदपथावर पोते पसरून बसलेल्या त्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाईला ठाऊक आहे, आणि तिला ते तिच्या आईने रानात हिंडता हिंडता सांगितले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी वाणांची बियाणी त्यांनी घरात मडक्या-गाडग्यांतून जपली, पेरून वाढवली, मागणाऱ्याला दिली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सारा महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखत होता. वनात राहून, निरीक्षणाने मिळवलेले ज्ञान हातचे न राखता वाटून टाकायचे, हे ऋषींचे लक्षण मानायचे असेल तर पूजेच्या सुपाऱ्यांत आणखी एकीची भर घालायला हरकत नसावी. दरवर्षी पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात, हे चांगलेच आहे. तिथे भाज्यांबरोबर त्या भाज्या सांगणाऱ्या बायांची नावेही फलकावर लिहिली जावीत.

हीच पंचमी इतर उंबरठ्यांवर वेगवेगळ्या रूपांत उतरते. गोव्यात ती नव्याची पंचम. नुकत्याच पोटरलेल्या भाताची कणसे वाजतगाजत आणून गणपतीपुढे ठेवतात आणि मग घराघरांत लावतात. गोव्याचे ख्रिस्ती बांधव थोडे आधी, ऑगस्टातच, कणसांचे फेस्त करतात, आणि वसईकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो; भाताची पहिली लोंबी देवळात जाते आणि मगच घरात शिजते. सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर जैन घरांत, आणि त्यांत मराठी बोलणारे शेतकरी पुष्कळ, आजपासून दशलक्षण पर्व सुरू होते, आणि त्यातला पहिला दिवस क्षमेचा. शेगावला तर आज पाय ठेवायला जागा नसते. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीलाच, गजानन महाराजांनी समाधी घेतली, म्हणून गावोगावच्या दिंड्या तिथे लोटतात. हे महाराज १८७८ च्या माघात लोकांच्या नजरेस पडले ते एका जेवणावळीबाहेर फेकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, ही कथा भाविकांना पाठ असते. लाखो लोक त्यांच्या समाधीपुढे शिस्तीने रांगेत उभे राहतात आणि महाप्रसादाच्या पंगतीत पान स्वच्छ करून उठतात. लग्नसराईत तेच लोक पानात अर्धे जेवण टाकून उठतात, हे कोडे आपल्यापुरते आपण सोडवावे.

संध्याकाळी दीड दिवसाच्या मूर्ती निघतील. हातातल्या पाटावर दही-पोह्यांची शिदोरी असेल, पोरांचे डोळे भरून येतील, आणि विहिरीच्या, नदीच्या, कृत्रिम हौदाच्या काठावर पुढच्या वर्षीचे आवतण पुन्हा दिले जाईल. ढग थोडे बाजूला झाले तर वायव्येला, क्षितिजाच्या जवळ, सप्तर्षी दिसतील. त्याआधी अजून दुपार हाती आहे. घरातल्या वडिलधाऱ्यांपाशी बसून त्यांना कोणी काय शिकवले ते विचारायला ती पुरेल. आपल्याला पहिले अक्षर गिरवायला लावणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना एक फोन करायलाही पुरेल. त्यांचे नाव अजून यादीत असेल तर आजच करावा. आणि एक विनंती. यंदाची ऋषीची भाजी घरातल्या पुरुषांनी निवडावी, चिरावी आणि शिजवावी, त्यांनीही आज तीच खावी, आणि पदपथावर वाटा विकत घेताना त्या बाईशी भाव करू नये.